जिमखान्याच्या खोलीतली समिती

गॅदरिंगच्या दिवशी आमच्या कॉलेजात एका मुलाच्या तोंडावर सायकलची चेन बसली आणि त्याचा डावा डोळा गेला. तो मारामारीत नव्हताच. दोन टोळकी एकमेकांवर धावली तेव्हा त्याची खुर्ची नेमकी मधे होती. मी त्याच्या मागच्या रांगेत होते. काय झालं ते कळायच्या आत माझी ओढणी त्याच्या डोळ्यावर होती आणि मी ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती. स्टेजवर नाचाची कॅसेट तशीच वाजत होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलच्या आमच्या कॉलेजात तेव्हा मुलांचे गट दोनच, गाववाले आणि कॉलनीवाले. गाववाले म्हणजे आसपासच्या गावांतली, भातशेती नि मिठागरं करणाऱ्या घरांतली मुलं. त्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या. कॉलनीवाले म्हणजे आम्ही, मुंबईत दोन खोल्या परवडेनात म्हणून नवीन पनवेलला आलेल्या नोकरदारांची मुलं. भांडायला कारण लागत नसे, कँटीनचं एक टेबल पुरे. त्यात अलीकडे गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन शिरलं होतं. कॉलेजच्या मागे पाण्याच्या टाकीखाली सिगरेटच्या पाकिटातले चांदीचे कागद पडलेले असायचे, मधोमध जळून काळे झालेले. ते कशाचे हे झाडूवाल्यापासून प्रिन्सिपॉलपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. बोलत मात्र कुणी नव्हतं.

डोळा गेलेल्या मुलाचे वडील त्यानंतर रोज यायचे आणि ऑफिससमोरच्या बाकावर बसायचे. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. नुसते बसायचे आणि दुपारी उठून जायचे. मला वाटतं त्या बसण्यानंच समिती झाली.

कल्पना आमच्या मानसशास्त्राच्या सरांची. तरुण होते, नुकतेच पुण्याहून आलेले. त्यांचं म्हणणं असं की हवालदार बसवून आणि नोटिसा लावून काही होणार नाही. मुलं मुलांचंच ऐकतात, तर मुलांनाच यात घ्या. जिमखान्याची खोली त्यांनी मागून घेतली. दुपारच्या सुट्टीत समितीची मुलं तिथे बसतील, ज्याला बोलायचं आहे त्यानं यावं, व्यसनाबद्दल, मारामारीबद्दल, धमकीबद्दल. तिथलं बोलणं तिथेच राहील. असं त्यांनी वर्गावर्गात जाऊन सांगितलं. नाव मोठं होतं समितीचं, पण मुलं तिला पहिल्या दिवसापासून ‘खबरी समिती’च म्हणायला लागली.

मला सरांनी ओढणीमुळे निवडलं. तसं त्यांनी सांगितलं नाही, पण मला ठाऊक होतं. मी एस.वाय.ला होते आणि स्वभावानं काही पुढे पुढे करणारी नव्हते. माझ्याबरोबर जो मुलगा घेतला त्यानं मात्र सगळ्यांना धक्का बसला. तो जवळच्या विचुंबे गावचा, गाववाल्यांच्या टोळक्यातला. गॅदरिंगच्या दिवशी हॉकी स्टिक घेऊन पुढे धावलेल्यांत तो होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. चेन त्याची नव्हती, एवढंच. मी सरांना म्हटलंही की याच्याबरोबर मी कशी बसू. सर म्हणाले, ज्याला कुणी मारायला उठलं तर भीती वाटत नाही असा एक तरी हवा. आणि तो स्वतःहून आला आहे.

स्वतःहून का आला, हे मी त्याला पुष्कळ दिवसांनी विचारलं. तो कॅरमच्या सोंगट्या लावत होता. म्हणाला, “त्या पोराचा बाप बाकावर बसतो ना, त्याच्या समोरून रोज जावा लागतो मना.” आणि स्ट्रायकर मारला.

त्या खोलीत आम्ही बहुतेक वेळ कॅरमच खेळलो. खोली तळमजल्याच्या अगदी टोकाला. एकच दार, आणि मागच्या भिंतीत उंचावर एक गजांची खिडकी. कोपऱ्यात फाटक्या गाद्या, क्रिकेटचे स्टंप, घामाचा नि रबराचा वास. समितीत आणखी चारपाच जणांची नावं होती, ती मुलं पहिल्या आठवड्यातच गळाली. कुणीच येत नव्हतं बोलायला. दाराबाहेरून जाताना मुलं खोकायची, शिट्ट्या मारायची. वर्गात माझ्या बाकावर कुणी बसेना. लेडीज रूममध्ये मी शिरले की मुली डबे आवरायला लागायच्या. त्याच्याशी तर त्याच्या गावातली मुलं एस.टी.त बोलायची बंद झाली. आम्ही दोघं एकमेकांचे मित्र नव्हतो, पण दुसरं कुणी उरलंही नव्हतं. मी एकदा सरांकडे जाऊन म्हटलं, मला सोडायचंय. ते म्हणाले, तू सोडलीस तर एकट्या मुलावर कोण विश्वास ठेवेल? मी परत जाऊन बसले.

आमच्या इमारतीत, आमच्या बरोबर डोक्यावर, एक कुटुंब राहायचं. काका तळोज्याला केमिकलच्या कारखान्यात होते. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपायचे, म्हणून त्या घरातले सगळे हळू बोलायचे आणि हळूहळू ती सवय अख्ख्या जिन्याला लागली होती. त्यांचा मुलगा माझ्याहून एक वर्षानं लहान, एफ.वाय.ला आमच्याच कॉलेजात. शाळेत असताना माझ्याकडे गणित शिकायला यायचा. मला ताई म्हणायचा. त्या वर्षी तो एकदम वाळला होता. मार्चच्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट घालायचा.

एका सकाळी काकूंनी मला जिन्यात गाठलं. हातात दुधाच्या पिशव्या होत्या. कुजबुजत म्हणाल्या, “तू त्या समितीत आहेस ना गं? याच्यावर जरा लक्ष ठेव. कुणाच्या संगतीत असतो ते बघ. पण ह्यांच्या कानावर काही जायला नको. मारून टाकतील त्याला.” घरातली भांडी कमी होत होती, असंही त्या म्हणाल्या. पितळी डबा, मग समई. कामवालीला त्यांनी काढून टाकलं होतं आणि आता तिचा काही दोष नव्हता हे त्यांना कळलं होतं. मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

तो स्वतःच आला, थोड्याच दिवसांनी. दारात उभा राहिला, मला बघून मागे वळला, आणि मग विचुंब्याच्या मुलानं नुसती खुर्ची पुढे सरकवली तसा येऊन बसला. किती तरी वेळ स्ट्रायकर बोटांत फिरवत राहिला. मग सांगायला लागला. टाकीखाली सुरुवात झाली होती, गंमत म्हणून. आता गंमत राहिली नव्हती. पुडी मिळाली नाही की अंग तोडून टाकल्यासारखं होतं, नाक गळतं, पोटात पीळ पडतो. ह्याला ते सगळे ‘टर्की’ म्हणायचे. एस.टी. स्टँडजवळ पुड्या घेऊन येणारा एक माणूस होता आणि कॉलेजात त्या पुड्या वाटणारा होता कॉलनीवाल्यांचा पुढारी, टी.वाय.चा, मोटरसायकलवाला. तो गाववाल्या मुलांनाही द्यायचा. त्यात भांडण नव्हतं. सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, ताई, सोडायचंय मला, पण घरी कळता कामा नये. मी कबूल केलं. विचुंब्याच्या मुलानंही मान हलवली. सरांच्या ओळखीचे मुंबईचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे परीक्षेनंतर न्यायचं, असं ठरलं. तेव्हा ती फार मोठी गोष्ट वाटली होती मला. समिती एकदाची कशाला तरी उपयोगी पडली होती.

आणि मग प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावलं.

सर आधीच तिथे बसलेले होते. प्रिन्सिपॉलसाहेब सभ्य माणूस, आवाज कधी चढवत नसत. म्हणाले, एक मुलगा तुमच्या खोलीत बराच वेळ बसला होता असं शिपायानं पाहिलं आहे. त्यानं काय सांगितलं आणि कुणाची नावं घेतली, ते मला हवं आहे. मी म्हटलं, तिथलं बोलणं बाहेर जाणार नाही असं सरांनी सगळ्यांना सांगितलंय. ते सरांकडे वळले. सर टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, “बाहेर म्हणजे कॉलेजच्या बाहेर. मी काही बाहेरचा नाही. समिती मी नेमली ती कशासाठी, असं तुला वाटतं?” मग त्यांनी समजावलं, की गुन्हा माहीत असून लपवणारा गुन्हेगाराइतकाच दोषी असतो, मुलगी म्हणून ते मला एक दिवस देत आहेत, नाहीतर माझ्या वडिलांना बोलवावं लागेल आणि त्यांना ते आवडणार नाही.

बाहेर पडल्यावर सर माझ्यामागून आले. म्हणाले, नावं देऊ असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. पण देणार नाही असंही सांगितलं नव्हतं. तसं सांगितलं असतं तर समिती झालीच नसती. ते इतके घाबरलेले दिसत होते की मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

घरी आले तर काकू दारातच होत्या. काही कळलं का, असं नुसत्या डोळ्यांनी विचारत होत्या. कळलं होतं, पण मुलाला दिलेला शब्द आड येत होता. कॉलेजात सांगितलं असतं तर त्याला काढून टाकलं असतं. माझ्या वडिलांना सांगितलं असतं तर मला कॉलेजातून काढून घेतलं असतं. बाबा पहाटेच्या एस.टी.नं फोर्टला ऑफिसात जायचे, रात्री जेवायला यायचे. समितीबद्दल त्यांना एवढंच माहीत होतं की सर्टिफिकेट मिळणार आहे. जिथे जाईन तिथे कुणीतरी माझ्या तोंडाकडे बघत उभं होतं आणि प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती. मी जेवले, भांडी घासली आणि अभ्यासाला बसले. एक ओळ वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलेच नाही, कारण त्याच्या आत दुसरंच घडलं. स्टँडजवळच्या त्या माणसाला पोलिसांनी सकाळी उचललं. कुणी सांगितलं, कसं कळलं, मला आजवर माहीत नाही. आम्ही सांगितलं नव्हतं. पण कॉलेजात तासाभरात पसरलं की समितीनं नावं दिली.

दुपारी आम्ही खोलीत होतो. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा धडपडत आत आला आणि गाद्यांवर कोसळला. आदल्या दिवसापासून त्याला काही मिळालं नव्हतं. सारख्या जांभया, डोळ्यांतून पाणी, आणि एवढ्या उकाड्यात अंगावर काटा. तो सांगत होता की ते माझ्या मागे आहेत, तेवढ्यात पॅसेजमध्ये पावलं वाजली. विचुंब्याच्या मुलानं उठून आतून कडी घातली.

दारावर पहिली लाथ बसली तेव्हा मला वाटलं, चारपाच जण असतील. मग फटीतून पाहिलं तर पॅसेज भरलेला होता आणि मागे मैदानातही मुलं होती. हॉकी स्टिक होत्या, स्टंप होते, आणि एकाच्या मनगटाला गुंडाळलेली चेन मला दिसली. टी.वाय.चा मोटरसायकलवाला सगळ्यांत पुढे. त्याच्या बाजूला विचुंब्याच्या मुलाचाच चुलतभाऊ. गाववाले आणि कॉलनीवाले मी पहिल्यांदाच एका बाजूला उभे पाहिले. त्या पोराला बाहेर द्या, असं ते म्हणत होते. त्यानं पोलिसांना काय सांगितलं ते आम्ही त्याच्याकडूनच ऐकतो. चुलतभाऊ म्हणाला, तू गावचा हायस का कॉलेजचा, ते आज ठरव.

विचुंब्याच्या मुलानं उरलेल्या गाद्यांचा ढीग दाराशी ओढला, त्यावर बसला आणि दाराला पाठ लावली. प्रत्येक लाथेबरोबर त्याचं डोकं पुढे हलायचं.

मला वाटलं होतं की धोका बाहेर आहे. तसं नव्हतं. थोड्या वेळानं वरच्या मुलाच्या पोटात पीळ पडायला लागला, तो ओकला, मी त्याला माठातलं पाणी दिलं, तेही ओकला. आणि मग तो उठून दाराकडे गेला. त्याला बाहेर जायचं होतं. बाहेर जे मारायला उभे होते त्यांच्याच खिशात त्याला हवं ते होतं. तो दाराला तोंड लावून मोटरसायकलवाल्याला हाका मारायला लागला, की मी काही नाही सांगितलं, मला एक दे, मग काय करायचं ते कर. बाहेरून कुणीतरी हसलं. मी त्याचा दंड धरला तर मला म्हणाला, “सोड गं. तू कोण माझी?” ताई म्हणायचं त्यानं तेव्हा सोडलं, ते कायमचं.

तो विचुंब्याच्या मुलावर तुटून पडला. आधी ढकललं, मग बुक्क्या मारल्या. अंगात काही नव्हतं त्याच्या, पण वेदनेनं वेडापिसा झालेला माणूस असतो तसा तो होता. कडीपर्यंत हात पोचेना तेव्हा त्यानं त्याच्या हाताला चावा घेतला, अंगठ्याच्या खालच्या मांसात, आणि सोडेना. रक्त मनगटावरून खाली आलं. मी ज्या माणसाला गॅदरिंगमध्ये हॉकी स्टिक घेऊन धावताना पाहिलं होतं तो डोळे मिटून बसून राहिला. दुसरा हात मोकळा होता त्याचा. एक फटका पुरला असता. तो हात त्यानं मांडीखाली घालून धरला होता.

मला म्हणाला, “बाय, याला भायेर सोडू नको. गेला तर मरल तो. मना काय नाय झालं.”

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या ऑफिसचं जाळीचं दार आतून बंद होतं, हे नंतर कळलं. पुन्हा पोलीस आले तर पेपरात येईल, म्हणून फोन केला नव्हता. सर मुलांना समजावायला पुढे आले होते, त्यांना कुणीतरी धक्का दिला आणि त्यांचा चष्मा फुटला. दार जुनं सागवानी होतं, पण बिजागरी हलायला लागली होती. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा यायचा तोही गेला होता. ओकारीचा, घामाचा, रक्ताचा वास. मी परमेश्वराला वगैरे हाका मारल्या नाहीत. मला फक्त दिसत होतं की या खोलीला दुसरं दार नाही.

खिडकी होती. स्टुलावर बाकाची फळी ठेवून मी चढले. मागच्या अंगणापलीकडे लेडीज रूमचा व्हरांडा. मुली तिथे घोळक्यानं उभ्या होत्या, गोंधळ ऐकून बाहेर आलेल्या. गेले दोन महिने त्यांतली एकही माझ्याशी धड बोलली नव्हती. मी गजांना धरून हाक मारली. पुन्हा मारली.

माझ्या वर्गातली एक मुलगी होती, गावातल्या जुन्या मोहल्ल्यातली. बुरख्यात यायची, लेडीज रूममध्ये आल्यावर तो घडी करून पिशवीत ठेवायची. अबोल होती, पण अक्षर आणि डोकं दोन्ही स्वच्छ. ती अंगण ओलांडून खिडकीखाली आली. मी जमेल तेवढं सांगितलं, की एक जण फार आजारी आहे, डॉक्टरकडे न्यायला हवा, बाहेर पडलो तर मारतील. तिनं विचारलं, कोण कोण आहेत बाहेर? दिसली तेवढी नावं सांग. मी सांगितली. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. मग म्हणाली, “थांब. आम्ही येतो. मी हाक मारेपर्यंत कडी काढू नकोस.”

पुढचं मी दाराच्या फटीतून पाहिलं. मुली पॅसेजच्या त्या टोकाकडून आल्या, घोषणा नाही, काही नाही, तास सुटल्यावर येतात तशा. मोहल्ल्यातली मुलगी पुढे होती. ती सरळ तिच्या गल्लीतल्या एका मुलापाशी गेली, त्याच्या हातात स्टंप होता. त्याला म्हणाली, हे जरा धर, आणि आपली पिशवी, जर्नल आणि डबा त्याच्या हातांत ठेवला. त्यानं स्टंप काखेत मारला आणि ते सगळं धरलं. सवयीनंच धरलं असणार. मग दुसरी तिच्या मामेभावाकडे गेली. तिसरी प्रॅक्टिकलच्या जोडीदाराकडे. विचुंब्याच्या एका मुलीनं त्या चुलतभावाच्या हातात पुस्तकांचा गठ्ठा दिला आणि वर छत्री. प्रत्येकीनं आपल्या ओळखीचा एक शोधला होता. कुणाचा भाऊ, कुणाचा शेजारी, कुणाचा राखी बांधलेला. खिडकीखाली तिनं नावं कशाला विचारली ते मला तेव्हा कळलं. बघता बघता पॅसेजमधली निम्मी मुलं दोन्ही हात भरून उभी होती. जमिनीवर ठेवावं तर बहिणीचा डबा. फेकावा कसा?

तिनं दारावर टकटक केली आणि माझं नाव घेतलं.

आम्ही त्याला मधे घेतला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला विचुंब्याचा मुलगा, हाताला त्यानं बनियन फाडून गुंडाळलं होतं. पुढे, मागे, दोन्ही कडांना मुली. पॅसेज संपेपर्यंत कुणी हललं नाही. मोटरसायकलवाल्याचे हात रिकामे होते. त्याला ओळखणारी मुलगी कुणी निघाली नव्हती. आम्ही त्याच्यासमोरून जाताना वरच्या मुलानं त्याच्याकडे झेप घेतली आणि त्याचा शर्ट पकडला, मागायला. मोटरसायकलवाला मागे सरकला. घाबरला तो, मी पाहिलं. ज्याला महिनोन्महिने तो पुड्या देत होता त्याला त्यानं असा उजेडात, ओकारीनं माखलेला, कधी पाहिला नसावा. त्यानं शर्ट सोडवून घेतला आणि बाजूला झाला. आम्ही फाटकाबाहेर रिक्षा केली आणि गावातल्या एका डॉक्टरांकडे गेलो.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

दोन दिवसांनी बाबांना ऑफिसला जाताना एस.टी.त कुणीतरी सांगितलं की तुमची मुलगी दोन मुलांबरोबर बंद खोलीत सापडली. एवढंच सांगितलं. बाबा घरी आले आणि त्यांनी मला काही विचारलं नाही, हेच जास्त वाईट होतं. सकाळी निघताना आईला म्हणाले, हिनं आता घरी बसावं. कॉलेजात समिती बरखास्त झाल्याची नोटीस लागली होती. सरांनी जूनपर्यंतही थांबायचं नाही असं ठरवलं होतं; जाण्याआधी ते एकदा आमच्या इमारतीखाली येऊन उभे राहिले आणि वर न येताच परत गेले. आईनं खिडकीतून पाहिलं.

मी घरात, आणि वर तो. डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना बोलावून सगळं सांगितलं होतं. मारून टाकतील, असं काकू म्हणायच्या. काकांनी मारलं नाही. त्यांनी रजा काढली आणि बाहेरच्या दाराला कुलूप लावून त्याच्यासोबत बसले. दिवसभर तो वर फेऱ्या मारायचा, खिडकीपासून मोरीपर्यंत आणि परत. मला त्याच्या पावलांवरून कळायचं, आज बरा आहे की नाही. संध्याकाळी वारा फिरला की तळोज्याचा वास यायचा आणि आई खिडक्या लावून घ्यायची. परीक्षा जवळ येत होती. पुस्तकं माझ्यासमोर उघडी असायची, आणि मला हॉलतिकीट आणायला कोण जाणार हे माहीत नव्हतं.

मोहल्ल्यातली मुलगी आली, आईला घेऊन. तिच्याबरोबर आणखी दोघी आणि त्यांच्या आयाही. रविवार होता, बाबा घरी होते. आमच्या बाहेरच्या खोलीत बसायला जागा पुरेना. तिच्या आईनं चहा घेतला, इकडचंतिकडचं विचारलं, आणि मग बाबांना म्हणाली, “भाईसाहेब, त्या खोलीत काय होतं ते आमच्या पोरींनी पाहिलंय. तुमच्या पोरीनं दार उघडलं असतं तर वरच्या घरचा मुलगा आज नसता. लोक काय बोलतात ते तुम्ही ऐकलंत, आता आमचंही ऐका.” बाबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, पेपर कधी आहेत. परीक्षेला ते मला स्वतः घेऊन गेले, रोज, रजा काढून, आणि पेपर सुटेपर्यंत फाटकासमोर उभे राहिले. तो विश्वास होता की पहारा, हे मी त्यांना विचारलं नाही. कदाचित त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी मी कॉलेजात परत गेले. समिती नव्हती, पण लेडीज रूमच्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवर दुपारी आम्ही काही जणी बसायचो, आणि मुलं तिथे यायला लागली. आधी एक, मग दुसरा. नाव नाही, नोटीस नाही. मारामारी होणार असं कळलं की कुठल्या मुलीनं कुणाकडे जायचं ते तिथे ठरायचं. दरवेळी जमलं असं नाही. मोटरसायकलवाला पास होऊन निघून गेला, त्याच्यावर काहीच कारवाई झाली नाही. विचुंब्याच्या मुलाच्या हाताला टाके पडले. तो त्या वर्षी परीक्षेला बसला नाही आणि पुन्हा कॉलेजात आलाच नाही. टेम्पो चालवायचा. रस्त्यात दिसला की हॉर्न द्यायचा, थांबायचा नाही. गावात माझ्यावरून बरंच बोललं गेलं असणार.

वरच्या मुलाला पुण्याच्या बाजूला एका केंद्रात ठेवलं. तो परत आला, पुन्हा गर्दला लागला, पुन्हा ठेवलं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यापासून लांब राहिला. वडिलांच्या ओळखीनं तळोज्याला नोकरीला लागला.

काकू माझ्याशी परत बोलल्या नाहीत. जिन्यात मी दिसले की त्या भिंतीकडे सरकून वाट देत. अख्ख्या कॉलेजनं, मग अख्ख्या कॉलनीनं त्यांच्या मुलाला त्या अवस्थेत पाहिलं होतं, भरदुपारी, मुलींच्या घोळक्यात. त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि तीच मी देऊ शकले नव्हते. त्यांचा राग मला समजत होता. त्यामुळे त्यांच्या बाजूनं जाताना मला आणखीच अवघडल्यासारखं व्हायचं.

माझं लग्न पनवेललाच झालं. वरच्या घरी आईनं अक्षता दिल्या होत्या, पण कुणी येईल असं आम्ही धरलं नव्हतं. पंगती संपत आल्या तेव्हा तो आला, एकटाच, पहिली पाळी संपवून, कारखान्याचा निळा शर्ट तसाच अंगात. अंगानं भरला होता. नवऱ्याशी हात मिळवला, मला म्हणाला, बरं झालं. मी त्याला जेवायला बसवलं आणि पंगतीत उभी राहून जिलेबी वाढली. दोनदा घेतली त्यानं. मी विचारलं, काकू कशा आहेत? म्हणाला, बऱ्या आहेत, घरीच आहेत. मग हात धुऊन घाईघाईनं निघाला, कारण इथे येतोय असं त्यानं आईला सांगितलेलं नव्हतं.